डोक्यावरचं आवाळू

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यान)



रक्तदाब आणि साखर ऐकून तुम्ही कंटाळला असाल, म्हणून आज डोक्यावरच्या गाठीविषयी बोलतो. आपण तिला आवाळू म्हणतो, आणि बहुतेकदा ते साधं आवाळूच असतं. तेव्हा घाबरू नका, पण ऐका.

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एक आजी इथं सांगलीत माझ्याकडे आल्या. डोक्यावर बोराएवढी गाठ कित्येक वर्षं होती, विंचरताना कंगवा अडायचा एवढंच. मग ती लिंबाएवढी झाली, चिघळली. गावाकडं दोनदा काढूनही झाली होती. मी विचारलं, "काढलेल्या गाठीचा रिपोर्ट कुठाय?" मुलगा म्हणाला, "ती तर टाकून दिली की!" दोन्ही वेळा. तिसऱ्यांदा तुकडा तपासायला पाठवला तेव्हा कळलं, केसाच्या मुळाच्या आवरणातून होणारा दुर्मिळ कॅन्सर.

असे आणखी प्रकार आहेत. भाजल्याच्या जुन्या वणावर उठलेली, न भरणारी जखम. वयस्कर माणसाच्या टकलावर मुका मार लागल्यासारखा जांभळा डाग; हा फार फसवा, दिसतो त्याहून पुष्कळ पसरलेला असतो. कातडीतली घट्ट गाठ, काढली की पुन्हा तिथंच येणारी. नुसतं बघून यातलं काही ठरत नाही, मलाही नाही. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढून टाका.

ऑपरेशनात गाठीभोवतीची चांगली दिसणारी कातडीही काढावी लागते. हाडावरचा पातळ पापुद्रा शाबूत असला तर मांडीची कातडी तिथं धरते; तो गेला असेल तर शेजारची कातडी रक्तवाहिन्यांसकट फिरवून आणतात. कानामागं, मानेत गाठी आहेत का तेही बघतात. काहींना नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, लागतो. आजींचं सगळं मिरजेत झालं. अजून तपासणीला येतात, पदर मागे सारून जागा दाखवतात.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड सोबत ठेवा.

आपला माथा आपल्याला दिसत नाही. तो दिसतो सलूनवाल्याला, नाहीतर तेल लावणाऱ्या बाईमाणसाला. त्यांनी "इथं काहीतरी आहे हो" म्हटलं तर चुना-हळद लावत बसू नका. आणि गाठ काढलीच, तर रिपोर्ट मागून घ्या. संध्याकाळी सातनंतर माझं दार उघडं असतं. रिपोर्ट घेऊन या, चहा माझ्याकडून.