बेत जहाजाचा

आपल्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. गोदावरीचा पूर हाच आमचा समुद्र. तरी आमच्या घराला जहाज अनोळखी नव्हतं. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला हजयात्रेची जहाजं जात. जाणारा घरोघर फिरून ‘बोललंचाललं माफ करा’ म्हणे. एखादा जण जहाजावर चढे, बाकीचं घर मागं राही.

२०१८ साली ‘आंग्रिया’ ही मुंबई-गोवा क्रूझ सुरू झाली, तेव्हापासून सगळ्या कुटुंबानं जहाजानं जायचं असं घरात चाललंय. ती बोट पुढं बंद पडली, बेत टिकला. यंदा तो पक्का होतोय. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, म्हणून सोयाबीन घरात आल्यावर, हिवाळ्यात निघायचं. रात्रीची देवगिरी धरली की सकाळी मुंबई. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ती तारीख कॅलेंडरवर लाल केलीय. देशातलीच सफर, त्यामुळं पासपोर्टची गरज नाही. नातवंडं पोहण्याच्या तलावाचं विचारतात, सूनबाई मळमळीच्या गोळ्यांचं.

अम्मी म्हणते, ‘तुम्ही जा, मी घर राखते.’ तिचं वय ऐंशी, गुडघे दुखतात. आयुष्यभर तिनं दारात उभं राहून निरोपच दिले. म्हणून यादीत पहिलं नाव तिचं लिहिलंय: खालचा बर्थ, चाकाची खुर्ची, लिफ्टजवळची खोली. हे जमेल तीच तारीख. घराला कुलूप लावू. म्हातारं माणूस ‘तुम्ही जा’ म्हणतं, तेव्हा त्याला विचारून पाहा, तू कधी कुठं गेलास?