परदेशची शिदोरी



आपल्या जळगाव-धुळ्याकडची मुलं आता शिकायला, नोकरीला परदेशी जातात. निघताना आई कळण्याचं पीठ आणि काळा मसाला बांधून देते. महिना-दोन महिन्यांत तो संपतो. मग परक्या गावात माणसाला धरून काय ठेवतं? हा प्रश्न मनात आला की मला पंडिता रमाबाई आठवतात.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्या पंचविशीत होत्या. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेले होते. पुढे भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी वारले. बरोबर दोन वर्षांची मनोरमा होती. ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या पैशांतून त्यांनी प्रवासाची सोय केली. वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं मनात होतं, पण कानांना कमी ऐकू येत असल्यानं ते राहून गेलं. वाँटेज इथल्या सिस्टर्सच्या मठात त्या उतरल्या. तिथं काही महिन्यांतच त्यांच्याबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परमुलखात हा घाव केवढा असेल!

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. एकटेपणामुळे घेतला, असं म्हणणं सोपं आहे. पण त्यांनी स्वतः सांगितलेलं कारण वेगळं आहे. समाजानं टाकून दिलेल्या स्त्रियांना सिस्टर्स मायेनं सांभाळतात, हे त्यांनी फुलहॅम इथं पाहिलं. असं का करता, हे विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पतितेलाही माणूस म्हणून जवळ करणारा देव त्यांना त्या गोष्टीत भेटला.

इथपर्यंतची हकिगत बऱ्याच जणांना ठाऊक असते. माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. आपण ज्यांच्या घरी राहतो, ज्यांचं अन्न खातो, त्यांच्यासमोर मान तुकवणं सोपं असतं. रमाबाईंनी तसं केलं नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. चर्चचं त्रैक्याचं तत्त्व तेव्हा पटत नव्हतं, तर तसं स्पष्ट लिहिलं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असं मुंबई आणि लाहोरच्या बिशपांचं मत पडलं. मायदेशी आपण पुरुषांच्या सभांत बोललो आहोत, असं रमाबाईंचं उत्तर होतं. इकडे धर्म सोडला म्हणून स्वकीय रागावलेले आणि तिकडे ऐकत नाही म्हणून धर्मगुरू नाराज. या दोन्हींच्या मधे त्या उभ्या राहिल्या. श्रद्धेनं त्यांना नुसता दिलासा दिला नाही, दोन्हीकडे ‘नाही’ म्हणायचं बळ दिलं.

हे बळ एकाच धर्माची मिरास नाही. त्याच १८८३ साली डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशी यांनी, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं श्रीरामपूरच्या सभेत जाहीर सांगितलं होतं. (हे बंगालमधलं श्रीरामपूर.) १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला त्यांचा पदवीदान समारंभ झाला, तेव्हा ख्रिस्ती रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून तिथं गेल्या. दोघींच्या श्रद्धा निराळ्या होत्या, पण एकमेकींचं कौतुक करण्याच्या आड त्या आल्या नाहीत.

रमाबाई १८८९ मध्ये परतल्या आणि लगेच मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदासदन’ सुरू झालं. परदेशात मिळालेलं बळ त्यांनी इथल्या मुलींसाठी खर्च केलं. पुढे केडगावचं मुक्तिसदनही त्यातूनच उभं राहिलं.

म्हणून मुलं परदेशी निघाली की त्यांना देवाची तसबीर किंवा बायबल जरूर द्यावं. पण त्याबरोबर एवढंही सांगावं, की श्रद्धा ही लोकांपासून लपायची जागा नव्हे. तिच्या आधारानं यजमानांशी आणि वेळ आली तर आपल्या माणसांशीही खरं बोलता आलं पाहिजे. असं मूल परदेशात एकटं असलं, तरी एकाकी पडत नाही.