मूना प्लेस ते जुनी संसद



दरवर्षी २६ जानेवारीला आपल्यापैकी काहीजण कॅनबेरात मूना प्लेसवरच्या भारतीय उच्चायोगात झेंडावंदनाला जातात. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, जुन्या संसदेसमोर, आणखी एक दूतावास आहे. तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. मीही बरीच वर्षं फिरकलो नव्हतो.

कॅनबेरात जमीन मालकीची होत नाही, भाडेपट्ट्यानेच मिळते. परदेशी वकिलातींनाही. २००८ साली रशियाला यारालुम्ल्यात, संसदेपासून साधारण ४०० मीटरवर प्लॉट मिळाला. बांधकाम रखडलं, म्हणून २०२२ मध्ये पट्टा रद्द झाला. पण मे २०२३ मध्ये फेडरल कोर्टाने ते रद्द करणं बेकायदा ठरवलं. तेव्हा १५ जूनला सरकारने सुरक्षेचं कारण देऊन एका दिवसात खास कायदाच करून घेतला. त्यावर एक रशियन अधिकारी प्लॉटवरच्या खोपट्यात ठाण मांडून बसला! राजनैतिक संरक्षण असल्याने पोलिसांना त्याला हात लावता येईना. हायकोर्टाने (म्हणजे इथलं सर्वोच्च न्यायालय) मनाई हुकूम नाकारल्यावर तो गेला. २०२५ मध्ये त्याच कोर्टाने कायदा वैध ठरवला, पण रशियाला भरपाई द्यायला सांगितलं.

आता १९७२ कडे या. २५ जानेवारीला पंतप्रधान मॅकमहन यांनी आदिवासींचा जमिनीवरचा हक्क नाकारला आणि ५० वर्षांचे भाडेपट्टे देऊ केले. ज्यांची जमीन, त्यांनाच भाडेपट्टा! त्यानंतर २६ तारखेला चार तरुणांनी संसदेसमोर समुद्रकिनाऱ्यावरची छत्री रोवली आणि तिला दूतावास म्हटलं. आपल्याच देशात परके ठरलो, तर वकिलात हवीच की. हिरवळीवर राहायला मनाई करणारा कायदा नव्हता. जुलैमध्ये वटहुकूम बदलला आणि त्याच दिवशी पोलिसांनी तंबू उखडले.

दोन्ही वेळा कायदा आड आला, आणि दोन्ही वेळा कायदाच बदलला. सुरक्षेचा मुद्दा खोटा होता असं मी म्हणत नाही. पण भरपाईचा प्रश्न एकाच बाबतीत निघाला. तंबूवाले मात्र पुन्हा आले, आणि १९९२ पासून कायम आहेत.

येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन आणि नाश्ता आटोपला की मी उच्चायोगाच्या फाटकाशी थांबेन. ज्यांना तिकडे यायचंय त्यांनी टोपी आणि पाण्याची बाटली आणावी. ऊन फार असतं.