घरचा वाचक

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



शताब्दीच्या व्यासपीठावर संस्थेचा इतिहास सांगावा असा संकेत आहे. तो सांगणारी माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी येथे आहेत. मी आज एका लहानशा आणि काहीशा घरगुती प्रश्नाबद्दल बोलणार आहे. माणूस स्वतःविषयी, स्वतःच्या घराविषयी लिहू लागतो आणि एके दिवशी ते लिखाण त्याच्या घरचीच माणसे वाचू लागतात, तेव्हा त्या लिखाणाचे काय होते?

अनुभवाने सुरुवात करतो. १९९९ साली मी नुकताच अधिव्याख्याता झालो होतो. आपल्या इंदूरमधून निघणाऱ्या एका मराठी नियतकालिकात मी ललित सदर लिहीत असे. आमच्या घरी माझी आत्या राहत असे. ती फार लहान वयात विधवा होऊन भावाकडे आली आणि कायमची राहिली. किराणा आणण्याचे काम तिच्याकडे होते. त्या हिशेबातून ती दरमहा चार-पाच रुपये बाजूला काढी आणि मेथीदाण्याच्या डब्यात तळाशी ठेवी. लहानपणी मी ते पाहिले होते. त्यावर मी एक खुसखुशीत लेख लिहिला. लेख गाजला. याच वाचनालयाच्या मासिकांच्या टेबलाभोवती दोघातिघांनी माझी पाठ थोपटली.

आत्याची दृष्टी अधू झाली होती. शेजारच्या काकूंनी कौतुकाने तो अंक आणून तिला मोठ्याने वाचून दाखवला आणि हसण्याच्या जागी त्या मनमोकळेपणाने हसल्या. त्या रात्री मला पान वाढताना आत्या म्हणाली, "तू खोटं काही लिहिलं नाहीस रे. पण ते माझं होतं, तुझं नव्हतं." एवढेच म्हणाली. पुढे तिने त्या डब्यात कधी पैसे ठेवले नाहीत. ते कशासाठी साठवत होती, हे मी लेख लिहिण्यापूर्वी विचारले नव्हते. आणि नंतर विचारण्याचे तोंड मला राहिले नव्हते.

त्यानंतर माझे सदर चालू राहिले, पण मी सावध झालो. पाऊस, जुने वाडे, सराफ्यातील रात्र, गुरुजनांची थोरवी, असे विषय निघू लागले. चार-पाच लेखांनंतर संपादक म्हणाले, "सर, हल्ली तुमच्या घरात कोणी राहत नाही का?" हा शेरा मला आत्याच्या वाक्याइतकाच लागला.

मराठी साहित्यात या अडचणीतून लेखकांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाली. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये निवर्तले होते. पतीचा विक्षिप्तपणा, संताप, हातचे सगळे देऊन टाकण्याची वृत्ती हे सारे बाईंनी लिहिले, ते त्यांच्या माघारी. पण लक्षात घ्या, त्यांना लिहिते केले ते त्यांच्या मुलानेच, वडिलांच्या चरित्राला आठवणी हव्यात म्हणून. म्हणजे पहिला वाचक घरातलाच आणि ज्याच्याविषयी लिहायचे त्याचाच मुलगा! तरीही लेखणी आखडली नाही. याचे कारण मला असे वाटते की, बाई दुसऱ्याला हसण्याआधी स्वतःला हसून घेतात. स्वतःचा भित्रेपणा, स्वतःचे सोवळे-ओवळे यांची त्या जराही गय करीत नाहीत. माझ्या लेखात मेथीचा डबा आत्याचा होता आणि हसणारा मी होतो. फरक तेथे होता.

सुनीताबाई देशपांडे यांची वाट याहून अवघड. 'आहे मनोहर तरी' १९९० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा पु. ल. हयात होते, ते पुढे २००० साली गेले. ज्या माणसाला महाराष्ट्राने घरातला माणूस मानले होते, त्याच्या खऱ्या घरातून हे पुस्तक आले. पुष्कळ वाचक दुखावले. आपल्याच ग्रंथालयाच्या व्हरांड्यात, "हे लिहायची काय गरज होती?" अशी चर्चा मी विद्यार्थिदशेत ऐकली आहे. दुखावलेले बहुतेक जण त्या घरात राहणारे नव्हते, ही गंमत मला फार उशिरा कळली. घरच्या वाचकाचे ओझे असते, तसे स्वतःला घरचा समजणाऱ्या वाचकाचेही असते, आणि हे दुसरे कधी कधी अधिक जड असते.

दया पवारांनी 'बलुतं' १९७८ मध्ये लिहिले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार नावाच्या शिकल्यासवरल्या माणसाला सांगतो. एकाच माणसाचे हे दोन भाग. बाहेरच्या समाजाने या पुस्तकाचे कौतुक केले. पण जे विसरायचे ते पुन्हा का उकरता, अशी नाराजी त्यांच्या आपल्या शिकलेल्या माणसांतूनही उमटली. ती नाराजी समजण्यासारखी आहे. ज्यांना अप्रतिष्ठा वाट्याला आली, त्यांच्या घरातले वाक्य छापणे आणि माझ्यासारख्याने आत्याचा डबा उघडणे यांची किंमत सारखी नाही. मला येथे त्या रचनेविषयी बोलायचे आहे. दगडू सांगतो आणि दया ऐकतो. म्हणजे लेखकाने आपल्या लोकांतील पहिला नाराज होऊ शकणारा वाचक पुस्तकाच्या आतच बसवून ठेवला आहे, असे मला वाटते.

आता आपल्याकडे वळतो. पुण्यामुंबईच्या लेखकाला अनोळखी वाचक मिळतो. त्याने आत्येविषयी लिहिले तर हजारातल्या दहांना ती आत्या माहीत असेल. आपल्या शहरात बाजाराची, कचेरीची भाषा हिंदी. मराठी घरात, देवळात आणि या वाचनालयात. मी तोच लेख हिंदीत लिहिला असता तर तो कितीतरी अधिक लोकांनी वाचला असता आणि आत्येला कोणीही वाचून दाखवला नसता. मराठीत लिहिला म्हणून तो मोजक्या लोकांनी वाचला, आणि ते सगळे आमच्या घरी हळदीकुंकवाला येणारे होते! बृहन्महाराष्ट्रातल्या लेखकाला अनोळखी वाचकच नसतो. आता तर छापल्या पानाचे छायाचित्र संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवरून ठाण्याच्या मावशीपर्यंत पोहोचते.

याचा परिणाम आपल्या कपाटांत दिसतो. स्थानिक लेखकांचे कपाट उघडून पाहा. संस्थांचे इतिहास आहेत, गौरवग्रंथ आहेत, होळकरकालीन आठवणी आहेत. या शहरात शे-दोनशे वर्षे नांदलेल्या मराठी घरांत वाटण्या झाल्या, मुली उपेक्षित राहिल्या, कर्जे झाली, भाषा तिसऱ्या पिढीत गळून पडली. याविषयी फारच थोडे सापडते. आपण सभ्य माणसे आहोत आणि एकमेकांना रोज भेटतो, म्हणून हे लिहिले गेले नाही. मी स्वतः त्यातलाच आहे, तेव्हा हा आरोप कोणी आपल्यावर घेऊ नये.

मग करायचे काय? माझ्याकडे नियम नाही, एक सवय आहे. ज्याच्याविषयी लिहिले त्याला, छापण्यापूर्वी, मी समोर बसून वाचून दाखवतो. हाती कागद देत नाही. वाचताना माझाच आवाज कुठे अडखळतो ते मला कळते, आणि बहुधा तीच जागा चुकलेली असते. या सवयीमुळे काही लेख मेले, हे कबूल करतो. एकदा सौभाग्यवतींनी एक परिच्छेद ऐकून, "हे राहू द्या, उलट मी काय बोलले होते तेही घाला," असे सांगितले आणि लेख माझ्या कुवतीपेक्षा चांगला झाला. मात्र जो माणूस आपल्यावर सत्ता गाजवतो त्यालाही आधी वाचून दाखवावे काय? घरात पिचलेल्या सुनेने सासऱ्याची संमती घेऊन आत्मचरित्र लिहावे काय? येथे माझी सवय निरुपयोगी ठरते, हे मला दिसते. दुबळ्यांविषयी लिहिताना विचारावे आणि बलवंतांविषयी लिहिताना विचारू नये, इतपतच मी पोहोचलो आहे; आणि एकाच घरात दुबळे कोण हे पानागणिक बदलते.

आत्या २००७ साली गेली. तिच्याविषयी मी पुन्हा काही लिहिले नाही. आज बोललो, ते पहिल्यांदाच.

थोरल्या बंधूंविषयी मात्र एक लेख तयार आहे. वडिलांच्या आजारपणाचा खर्च कोणी केला आणि श्रेय कोणाला मिळाले, असा त्याचा विषय आहे. गेली तीन वर्षे तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. बंधू आज येथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मी त्यांना तो अजून वाचून दाखवलेला नाही.