नाव बदलले, गाडी तीच
(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणातील काही भाग)



वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली आपल्या सोलापुरात झाला, हे येथे सांगावयास नको. त्यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या परवान्याने मोटारी तयार होत. 'डॉज किंग्जवे', 'डिसोटो डिप्लोमॅट' आणि 'प्लिमथ' या तीन निरनिराळ्या गाड्या आहेत, असे रस्त्यावरच्या माणसास वाटे. वस्तुतः तिन्हींचा सांगाडा प्लिमथचाच. फरक मुख्यतः पुढची जाळी, बिल्ले आणि नाव यांचा. डॉज आणि फार्गो या मालमोटारींचीही तीच कथा.

एकाच वस्तूला इतकी नावे कशासाठी? याचे उत्तर डेट्रॉइटमध्ये शोधावे लागते. हेन्री फोर्डने आपल्या गाड्यांना नुसती अक्षरे दिली. १९०८ ते १९२७ चाललेल्या 'मॉडेल टी'ची किंमत तो उतरवीत गेला आणि स्वस्ताईवरच ती खपली. परंतु ज्याला गाडी हवी होती त्याच्या दारात ती येऊन उभी राहिली, तेव्हा त्याच माणसाला दुसरी गाडी कशी विकावी, हा प्रश्न भांडवलापुढे उभा राहिला. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत नावांची शिडीच उभारली. पगार वाढला की माणसाने एक पायरी चढावी. पुढे एकेका पायरीच्याही पायऱ्या झाल्या. शेव्हरोलेतच 'बेल एअर'च्या वर १९५८ साली 'इम्पाला' आली. पॉन्टिअ‍ॅक हे तर १७६३ साली इंग्रजांविरुद्ध लढलेल्या मूलनिवासी नेत्याचे नाव. ज्यांची भूमी हिरावून घेतली, त्यांच्या नायकाचे नाव बॉनेटवर मिरवावयास मात्र कोणास संकोच वाटला नाही!

या शिडीचे पितळ १९७७ साली उघडे पडले. ओल्ड्समोबिल घेणाऱ्यांना आढळले की, आत एंजिन शेव्हरोलेचे आहे. इलिनॉय राज्याने खटला भरला. कंपनीस भरपाई द्यावी लागली. एंजिन वाईट होते असे नव्हे. ग्राहकाने वरच्या पायरीचे पैसे मोजले होते, एवढेच.

आपल्याकडे नाव बदलण्याचे कारण अगदी उलटे होते. फियाटशी असलेला परवान्याचा करार संपल्यावर प्रीमिअरची तीच गाडी आधी 'प्रेसिडेंट' आणि १९७४ साली चितोडच्या राणीवरून 'पद्मिनी' झाली. नाव गिऱ्हाइकाला भुलविण्यासाठी नव्हते. गिऱ्हाईक नोंदणी करून वर्षानुवर्षे रांगेत उभेच होते. अमेरिकेत ग्राहक नावापायी पैसे गमावीत होता, येथे टंचाईपायी वर्षे. परवाना-पद्धतीने सामान्य माणसाची सोय पाहिली, असे आपण समाजवाद्यांनी तरी म्हणू नये. गाडी कोणासाठी, किती आणि कोणत्या किमतीस काढावयाची, हे ना शिडीवाल्यांनी लोकांना विचारले, ना रांगवाल्यांनी. कुर्ल्याच्या कामगारालाही कोणी विचारले नाही; बिल्ला बदलला तरी त्याचे काम तेच राहिले.

नव्या नावाने लोकांच्या तोंडचे जुने नाव मात्र पुसले नाही. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचे पर्व ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. तोवर कित्येक चालक आणि प्रवासी तिला 'फियाट'च म्हणत.