बालकाचा खेळ आणि ग्रामीण माता

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



इयत्ता पहिलीच्या हजेरीपटावर बालकाचे नाव चढते, तेव्हा त्याच्या आयुष्याची सहा वर्षे होऊन गेलेली असतात. या सहा वर्षांत ते चालावयास शिकलेले असते, बोलावयास शिकलेले असते. घरातील कोण रागीट व कोण मायाळू हे त्याने ओळखलेले असते. आपल्या वाट्याची भाकरी भावाच्या भाकरीहून लहान आहे की मोठी, हेही त्याला अचूक कळते. हे सारे शिक्षण घरात, अंगणात आणि शेताच्या बांधावर झाले, व त्यातील फार मोठा भाग मातेच्या सहवासात झाला. असे असूनही प्रवेशाच्या दिवशी हीच माता दाराशी पदर सावरून उभी राहते आणि "आम्ही अडाणी, गुरुजी, आता पोर तुमच्या हवाली," असे म्हणते. बालशिक्षणाच्या कार्यातील सर्वांत मोठी अडचण या एका वाक्यात सामावलेली आहे. साधनांची वाण किंवा खोल्यांची कमतरता या अडचणी खऱ्याच. परंतु ज्या व्यक्तीने बालकास सर्वाधिक शिकविले, तिलाच आपण काही शिकविले याची जाणीव नसावी, ही अडचण त्याहून मोठी होय. ती जाणीव तिला करून देणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि त्याचे साधन आहे बालकाचा खेळ.

खेळ म्हणजे रिकामपणाचा उद्योग, ही समजूत घरात आहे तशी शाळेतही आहे. भातुकली मांडून बसलेल्या चार वर्षांच्या मुलीकडे क्षणभर लक्ष दिले, तर या समजुतीतील चूक ध्यानात येते. तिने करवंटीला पातेले मानलेले असते आणि ओल्या मातीला भात. एका वस्तूने दुसऱ्या वस्तूचे काम करावे, हा संकेत तिच्या मनाने स्वीकारलेला असतो. पुढे फळ्यावरील एका वळणदार आकृतीला 'क' हा ध्वनी मानावयाचा असतो, तेव्हा हीच मनःशक्ती कामी येते. सागरगोटे वर फेकून झेलणाऱ्या हातात नजर आणि बोटे यांचा मेळ बसतो. एक, दोन, तीन हे आकडे तेथे तोंडपाठ शब्द न राहता हातात आलेले खडे होतात. लपंडावात राज्य घेणारा मुलगा डोळे मिटून थांबतो, मोजतो, पाळी येईपर्यंत धीर धरतो. वर्गात स्वस्थ बसावयास लागणारा संयम छडीने येत नाही. तो अशा खेळातून येतो.

जे खेळाचे, तेच घरकामाचे. माता सुपात तूर निवडावयास बसते आणि शेजारी बालक येऊन दाणे चिवडू लागते. त्याला हाकलून न देता तिने "खडे इकडे ठेव, दाणे तिकडे," एवढे म्हटले, तर वर्गीकरणाचा पहिला पाठ झाला. भाकऱ्या टोपल्यात रचताना लहान व मोठी, वरची व खालची, असे शब्द आले, तर भूमितीचा आरंभ झाला. ज्या घरात धान्य मोजावयास मापटे आणि शेर अद्याप आहेत, तेथे दोन मापटी ओतली की एक शेर भरतो आणि चार शेरांची एक पायली होते, हे बालकाच्या डोळ्यांसमोर घडते. वर्गात जे कोष्टक पाठ करून घ्यावे लागते, त्याचा अर्थ त्याला ओसरीवरच कळतो. ही माता स्वतः लिहू-वाचू शकत नसेल, तरी यांपैकी एकाही पाठास तिची निरक्षरता आड येत नाही.

मात्र केवळ काम जवळ चालले आहे एवढ्याने बालक शिकत नाही. त्यास जोड हवी बोलण्याची. पुष्कळ घरांत बालकाशी होणारे बोलणे हे "ये, जा, बस, गप्प राहा" एवढ्या आज्ञांत संपते. याच्या ऐवजी मातेने विचारावे, "हा दाणा कसा आहे? वासरू का हंबरते असेल? उद्या आपण कोठे जाणार?" आणि विचारून थोडे थांबावे. लहान मुलास उत्तर जुळविण्यास वेळ लागतो. मोठी माणसे तेवढा वेळ देत नाहीत व स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात. प्रश्न, थोडा विराम आणि उत्तराचे कौतुक या तीन गोष्टी मातेस साधल्या, तर तिच्या हाती बालशिक्षणाची मुख्य किल्ली आली असे समजावे.

येथे शिक्षकाकडून एक चूक होण्याचा संभव असतो. मातेने घरी 'शुद्ध' भाषेत बोलावे, असा आग्रह धरला जातो. जी माता अहिराणी, वऱ्हाडी, कोरकू, गोंडी किंवा वारली बोलते, ती या आग्रहाने बोलणेच थांबविते. घरच्या बोलीत ज्या बालकाने भरपूर गोष्टी ऐकल्या, कोडी सोडविली, पाखरांची व झाडांची नावे शिकली, त्याच्यापाशी शब्दांचे भांडवल असते. शाळेची भाषा त्या भांडवलावर उभी राहते. मातेची बोली जशी आहे तशीच बालकाच्या कानी पडू द्यावी.

दुसरी चूक पाटी-पेन्सिलीच्या घाईची. गावात खाजगी बालवर्ग निघाला, तेथे साडेतीन वर्षांचे मूल इंग्रजी मुळाक्षरे गिरवू लागले, की इतर मातांनाही आपले मूल मागे पडेल अशी धास्ती वाटते. ही धास्ती मायेपोटी असते, म्हणून तिची थट्टा करू नये. परंतु मातेस हे दाखवून द्यावे की, त्या वयात बोटांचे लहान स्नायू पुरते तयार झालेले नसतात. जबरीने गिरवून घेतल्यास अक्षर सुधारत नाही आणि पाटीचे भय मात्र मनात बसते. कणकेचा गोळा मळणे, मातीचे बैल करणे, शेंगा फोडणे, फुले ओवणे, रांगोळीचे ठिपके देणे, या कामांनी तीच बोटे लेखनास सिद्ध होतात. याबरोबर एक सावधगिरीही सांगावी. तीन वर्षांखालील बालकाच्या हाती चिंचोके, हरभरे, शेंगदाणे वा मणी देऊ नयेत. ते नाकात अथवा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. त्यांना चिंध्यांचा चेंडू, रिकामे डबे व त्यांची झाकणे, लाकडी पळी हीच खेळणी उत्तम.

हा विचार महाराष्ट्राच्या मातीत नवा नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या, बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उभे केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्यासोबत होत्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीच्या इमारतीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना व पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना तेथून आली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी भागात गेले. परदेशी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे व काटक्या आल्या आणि त्यांनी काम भागले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. बोर्डी व कोसबाडचा धडा असा की, बालक जेथे आहे तेथे शिक्षकाने जावे, आणि त्याच्या घरात जे आहे त्यातूनच शिकवावे.

घरच्या खेळाचे फळ किती दूरवर पोहोचते, याचे एक उदाहरण जमैका या बेटावरचे आहे. तेथील किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ लहान बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी सुमारे निम्म्या बालकांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्यास एक तास जात. घरगुती वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन बालकाशी कसे खेळावे व कसे बोलावे, हे त्या मातेला करून दाखवीत. सुमारे वीस वर्षांनी त्या मुलांचा पुन्हा शोध घेण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्या घरी अशा भेटी झाल्या त्यांची सरासरी कमाई इतरांच्या मानाने २५ टक्के अधिक होती. तेथे इमारत बांधली नव्हती. मातेच्या खेळण्यात व बोलण्यात फरक पडला होता, एवढेच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० यामध्ये वयाच्या तीन ते आठ या वर्षांचा एकच पायाभूत स्तर मानण्यात आला असून त्यात खेळातून शिक्षणास मुख्य स्थान आहे. राज्यात २०२२ मध्ये शाळापूर्व तयारी अभियान झाले, मेळावे भरले, गावोगावी मातांचे गट बांधले गेले. रचना झाली आहे. तिच्यात जीव ओतणे शिक्षक व सेविका यांच्या हाती आहे. यास्तव काही व्यावहारिक सूचना येथे नमूद करणे इष्ट होय.

पहिली सूचना, वेळ आणि जागा मातेच्या सोयीची असावी. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकरा वाजता शाळेत सभा बोलाविल्यास येणाऱ्या मातेची दिवसाची मजुरी बुडते. ज्या दिवशी माता पोषण आहार नेण्यास अंगणवाडीत येतात तो दिवस, किंवा सायंकाळी वस्तीवरील पार, हे अधिक बरे. अर्धा तास पुरे.

दुसरी, भाषण करू नये, खेळ मांडावा. प्रथम मातांनी स्वतः तो खेळावा. पंचवीस-तीस वर्षांच्या स्त्रिया लाजतात, मग हसतात आणि एकदा सागरगोटे हातात आले की शिक्षकालाच हरवितात. त्या हसण्यात "आम्ही अडाणी" हे वाक्य विरघळू लागते. मातांना ठाऊक असलेले खेळ, उखाणे, कोडी व गोष्टी आधी काढून घ्याव्यात. आपले नंतर सांगावे.

तिसरी, एका आठवड्यास एकच खेळ द्यावा. पुढील भेटीत "तुम्ही केले का?" असे तपासणीच्या सुरात विचारू नये. "मुलाने काय केले, काय म्हणाले?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने माता आरोपी होते. दुसऱ्याने ती निरीक्षक होते व चार बायकांत आपल्या मुलाचे नवल सांगू लागते. ते ऐकून शेजारीणही दुसऱ्या दिवशी मुलास घेऊन बसते.

चौथी, भ्रमणध्वनीचा उपयोग बेताने करावा. गटातील एकीकडे जरी तो असला, तरी खेळाचा निरोप सर्वांपर्यंत पोहोचतो. मात्र रडणाऱ्या बालकाच्या हाती तो देऊन त्यास गप्प करणे म्हणजे त्याच्या बोलण्याची वेळ हिरावणे होय, हे मातांस गोडीने सांगावे.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. ग्रामीण मातेच्या डोक्यावर पाणी, सरपण, चूल, गुरे आणि मजुरी यांचे ओझे आधीच आहे. बालशिक्षणाच्या नावाने त्यावर आणखी एक गाठोडे ठेवणे हा अन्याय होईल. म्हणून जो खेळ तिच्या कामात मिसळून जातो, तोच तिला सांगावा. वेगळा तास मागू नये. बालक एकट्या मातेचे नाही, हेही गावास स्पष्ट सांगितले पाहिजे. आजीपाशी गोष्टींचा साठा आहे, आजोबांपाशी निवांत वेळ आहे, आणि पित्याने रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मुलास पुढ्यात घेऊन दिवसभराची हकीकत विचारल्यास त्याचा मोठेपणा कमी होत नाही. धाकट्यास सांभाळण्याचे काम मात्र थोरल्या बहिणीवर टाकून तिची शाळा बुडविली जाऊ नये. एका बालकाच्या शिक्षणाची किंमत दुसऱ्या बालकाच्या शिक्षणाने चुकती करण्याचा हिशेब कोणत्याही गटात मान्य होता कामा नये.

या कामाचे मोजमाप किती सभा झाल्या व किती स्वाक्षऱ्या पडल्या यावरून करू नये. जून महिन्यात पहिलीच्या वर्गात येणारे मूल न घाबरता आपले नाव सांगते का, दहा खडे मोजून हातात देते का, पाहिलेली एक गोष्ट चार वाक्यांत सांगते का, आणि पाळी येईपर्यंत थांबते का, हे पाहावे. या चार गोष्टी ज्या मुलास येतात, त्याचे अक्षर-अंकांचे शिक्षण सुलभ होते. अशा मुलाची माता त्याला सोडावयास शाळेत येईल, तेव्हा शिक्षकाने तिला आत बोलवावे, बसावयास सांगावे आणि सर्वांसमक्ष विचारावे, "याला इतके छान बोलावयास आणि मोजावयास कोणी शिकविले?" उत्तर तिला ठाऊक असेल. ते तिने स्वतःच्या तोंडाने द्यावे, आणि तिच्या मुलाने ते ऐकावे, एवढी व्यवस्था प्रत्येक शाळेने अवश्य करावी.