रस्त्याची रुंदी आणि सोसायटीचा शब्द

सोसायटीची वार्षिक सभा म्हटली की पाणी, लिफ्टची दुरुस्ती आणि थकबाकीदार हे विषय ठरलेले. पुण्यात आता त्यांच्या जोडीला आणखी एक विषय येऊन बसला आहे: शेजारच्या प्लॉटवर उभी राहणारी उंच इमारत आणि फाटकासमोरची रोजची कोंडी. सभेत आवाज चढतात, महापालिकेला निवेदन देण्याचा ठराव होतो, आवक-जावकच्या शिक्क्यासह ते निवेदन फायलीत जाते आणि तिथेच राहते. असे का होते? माझे म्हणणे असे की, ‘इमारत नको’ या हरकतीला उत्तर देणे प्रशासनाला सोपे असते, कारण नकाशा बहुधा नियमात बसवलेला असतो. ‘या रस्त्याला हा भार पेलवेल का?’ हा प्रश्न आकड्यांसह आला, आणि सोसायटीने तोच प्रश्न स्वतःच्या पुनर्विकासालाही विचारला, तर मात्र तो सहजासहजी झटकता येणार नाही.

नियम काय म्हणतो ते आधी पाहू. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एखाद्या प्लॉटवर किती बांधायचे हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून ठरते. पुण्यात बिगर-गावठाण भागातला मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येते तो निर्देशांक, १.१ आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क, मिळत नाही. रस्ता ९ मीटरचा झाला की प्रीमियम (पैसे भरून घेतलेला वाढीव एफएसआय) आणि टीडीआर धरून आकडा २ पर्यंत जातो, ३० मीटरच्या रस्त्यावर ३ पर्यंत. जिने, बाल्कन्या अशा भागांसाठीचा अनुषंगिक एफएसआय त्याहून वेगळा. जिथे वाट मोठी तिथे वस्ती दाट, हे तत्त्व योग्यच आहे. घोटाळा होतो तो रुंदी कागदावर मोजण्यात. २०२० मध्येच पुणे महापालिकेच्या स्थायी समितीसमोर ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटरचे करण्याचा प्रस्ताव आला. जुन्या इमारतींचा पुनर्विकास टीडीआरअभावी अडला आहे, ही त्यामागची अडचण खरी होती. पण यात कार्यकारणभाव उलटा झाला. रस्ता वाहतुकीसाठी रुंद होत नव्हता, एफएसआय मिळावा म्हणून रुंद होत होता.

असा रस्ता प्रत्यक्षात कसा रुंद होतो, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ६ चे ९ करायचे तर दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जागा लागते, आणि ती मिळते ज्याची इमारत पाडली जाते त्याच्याकडून, तेव्हा. एका गल्लीत वीस इमारती असतील तर तिसरी आज मागे सरते, अकरावी काही वर्षांनी, आणि नुकतीच बांधलेली सतरावी पिढीभर सरत नाही. मधल्या काळात रस्ता कुठे ६ मीटर, कुठे साडेसात, कुठे ९. वाहने जातात ती सर्वांत अरुंद जागेच्या हिशेबाने. इमारत मागे सरल्याने तयार झालेल्या खिशात गाड्या उभ्या राहतात, कुठे विजेचा डीपी बॉक्स तसाच राहतो. एफएसआय मात्र पहिल्याच इमारतीला मिळतो. संपूर्ण रस्ता खरोखर ९ मीटरचा झाला, तरी दोन्ही कडांना मोटारी लागल्यावर जेमतेम ५ मीटर उरतात, आणि त्यातूनच चालणाऱ्या माणसालाही वाट काढायची असते.

ही गोष्ट मोजता येते, आणि मोजायला तज्ज्ञच हवा असेही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची शहरी रस्त्यांच्या क्षमतेविषयीची १९९० ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. मोटार म्हणजे एक एकक धरून इतर वाहनांचे त्यात रूपांतर करायचे. दुहेरी वाहतुकीच्या दोनपदरी रस्त्याची क्षमता मुख्य मार्गावर ताशी १५०० एकके धरली आहे, वस्तीतली वाहने गोळा करणाऱ्या रस्त्यावर ९००. सकाळी आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी, पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत, वाहनाच्या प्रकारानुसार नोंद ठेवली तर आपला रस्ता आज कुठे आहे ते कळते. अशा तक्त्यापुढे ‘वाहतूक वाढली आहे’ हे वाक्य फिके पडते.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे. आपण घर घेतले, आता दार लावून घ्यायचे, असा हा स्वार्थ नाही का? आजच्या सोसायट्याही कोणाच्या तरी शेतावर, माळावर उभ्या आहेत. आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवे. शहराला घरे हवीत. मेट्रो स्थानकाच्या ५०० मीटर परिसरात दाट वस्ती होऊ देण्याचे धोरण मला योग्य वाटते, आणि त्याला आडवे येणाऱ्या सोसायटीची बाजू मी घेणार नाही. क्षमतेचा प्रश्न माणसांना नाकारत नाही. बस, पदपथ, पार्किंगची शिस्त यांनीही क्षमता वाढते, आणि या मागण्या शेजारच्या वस्तीतल्या भाडेकरूच्या, घरकामाला पायी येणाऱ्या बाईच्याही सोयीच्या आहेत. सोसायटी जेव्हा फक्त ‘आमच्या गल्लीतून बाहेरच्या गाड्या नकोत’ म्हणते, तेव्हा ती मोटारवाल्यांपुरती उरते.

दुसरा आक्षेप असा की, सोसायटीचे ऐकतो कोण? मार्च २०२२ नंतर पुण्यात प्रदीर्घ काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. त्यामुळे ही निराशा समजण्यासारखी आहे. तरी वाटा पूर्ण बंद नाहीत. १९९१ मध्ये बेंगळुरूच्या बी. एस. मुद्दप्पा प्रकरणात उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि दाद मागण्याचा परिसरातल्या रहिवाशांचा हक्क मान्य केला. मुंबईचा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला. त्यातल्या चुकांवर नागरिकांनी इतक्या हरकती घेतल्या की दोन महिन्यांत सरकारने तो नव्याने करायला लावला. त्या हरकतींची ताकद त्यांच्या नेमकेपणात होती: अमुक आरक्षण, अमुक रस्ता, जागेवरची खरी स्थिती ही. वेळ साधणे मात्र महत्त्वाचे. पाया खोदल्यावर घेतलेली हरकत उशिराची असते.

मोठ्या प्रकल्पांबाबत तर कायदाच रहिवाशांना दूर ठेवतो. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. अर्जात मात्र परिसरातली वाहतूक व्यवस्था आणि प्रकल्पाच्या प्रवेशद्वारांचे नियोजन याबद्दल विकासकाला माहिती द्यावी लागते. ती कागदपत्रे मिळवावीत आणि आपला तक्ता त्यांच्या शेजारी ठेवावा. मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात जायचे तर मुदत ३० दिवसांची आहे. सर्वसाधारण सभेची वाट पाहण्यात ती निघून जाते, म्हणून कार्यकारिणीला हे अधिकार आधीच देऊन ठेवलेले बरे.

राहिला अवघड भाग. शेजारच्या टॉवरविरुद्ध ठराव करणारी सोसायटी त्याच सभेत स्वतःच्या पुनर्विकासासाठी जास्तीत जास्त टीडीआर देणाऱ्या विकासकाच्या शोधात असते. हे महापालिकेच्या अभियंत्याला ठाऊक असते, म्हणूनच तो निवेदन बाजूला ठेवतो. माझी सूचना अशी की, एका रस्त्यावरच्या सोसायट्यांनी एकत्र येऊन एकच मागणी करावी: रुंदीकरणाची जागा रस्त्याच्या पूर्ण लांबीत ताब्यात येईपर्यंत त्या रुंदीवरचा वाढीव एफएसआय कोणालाच नको, आम्हालाही नको. सभासद म्हणतील, मग आमचे वाढीव क्षेत्रफळ गेले. काहींचे लांबेल, हे खरे, आणि धोकादायक झालेल्या इमारतींना यातून वगळायलाच हवे. पण हाच नियम सर्वांना लागला तर कुंपणाची दीड मीटर जागा आताच सोडण्यात प्रत्येक सोसायटीचा फायदा राहील, आणि आज इमारत पडण्याची वाट पाहत अडलेला रस्ता सगळ्यांच्या संमतीने एकदम मोकळा होऊ शकेल.